गायीच्या मागे मागे थीब्जला : डेल्फी ते थिवा

मंगळवार, डेल्फी

अथेन्सहून डेल्फीला जाताना हायवेवर एक मोठा बोर्ड लागतो, थिवा. टूरच्या बसेस तिथून एक्झिट घेतात पण गावात शिरत नाहीत, सरळ लिवादियाच्या दिशेने निघून जातात, आणि बसमधल्या निम्म्या लोकांना कळतही नाही की हे थिवा म्हणजे थीब्ज, सात दरवाजांचं थीब्ज, ओयडिपसचं, अँटिगनीचं, डायोनिससच्या आईचं थीब्ज. मला लहानपणापासून या एका गावाचं वेड आहे. त्यामुळे ताईने जेव्हा विचारलं की ग्रीसला गेलो तर तुला नेमकं काय बघायचंय तेव्हा मी म्हणाले की मला कॅडमसच्या गायीच्या वाटेने जायचंय, आणि ती बिचारी लगेच हो म्हणाली.

गायीची गोष्ट आधी सांगते कारण सगळी ट्रिप त्यावरच बेतलेली होती. फिनिशियाच्या, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या टायर शहराचा राजा अगेनॉर. त्याची मुलगी युरोपा. देवांचा राजा झ्यूस पांढऱ्या बैलाचं रूप घेऊन तिला पाठीवर बसवून समुद्रापार क्रीटला घेऊन गेला. बापाने मुलांना सांगितलं की बहीण सापडल्याशिवाय घरी परत यायचं नाही. कॅडमस त्यातला एक. शोधून शोधून दमला आणि शेवटी डेल्फीला येऊन अपोलोला कौल लावला. कौल काय आला, तर बहिणीचा नाद सोड, बाहेर पडल्यावर एक गाय दिसेल तिच्या मागे चालत जा, आणि ती जिथे दमून बसेल तिथे शहर वसव.

पावसानियस नावाचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला एक प्रवासी आहे, त्याने ग्रीसचा बराच भाग फिरून लिहून ठेवलाय, त्याच्यात बारीक डिटेल आहे की या गायीच्या दोन्ही कुशींवर पौर्णिमेच्या चंद्रासारखी पांढरी खूण होती.

म्हणून सुरुवात डेल्फीपासून. देवळाचे जे खांब आज उभे दिसतात ते इ.स.पू. ४थ्या शतकातले आहेत, कॅडमसच्या काळाशी त्यांचा काही संबंध नाही, आणि खरं सांगायचं तर अपोलोचं क्षेत्र म्हणून डेल्फीला महत्त्व आलं तेच इ.स.पू. ८व्या शतकाच्या आसपास. त्याआधी तिथे मायसीनी काळातलं, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगाच्या शेवटच्या शतकांतलं, गाव होतं, मातीच्या छोट्या मूर्ती वगैरे सापडल्यात, पण राजेलोक कौल लावायला येतात असं प्रस्थ त्यावेळी असल्याचा पुरावा नाही. म्हणजे कथेत डेल्फी बहुतेक नंतर शिरलंय. पुढे ग्रीक लोकांनी नवीन वसाहत काढायची झाली की आधी डेल्फीला विचारायचं असा रिवाजच पडला होता, मग आपल्या सगळ्यात जुन्या शहराच्या कथेतही तो असणारच.

डेल्फीत एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसली आणि पुढचे सगळे दिवस ती सोबत राहिली. हे सगळं आज इतकं मोकळं, स्वच्छ दिसतं कारण इथे वर कास्त्री नावाचं गाव होतं आणि १८९२ मध्ये फ्रेंच लोकांनी उत्खनन सुरू करताना ते गाव उचलून बाजूला नेऊन वसवलं. घरं पाडली, लोक हलवले, मग खाली देऊळ मिळालं. थीब्जच्या बाबतीत हे कधीच झालं नाही. ते गाव आजही जुन्या गडाच्या डोक्यावर बसलेलं आहे.

बुधवार, अराखोवा, ओर्खोमेनोस, थिवा

सकाळी लवकर निघालो. अराखोवाला थांबून तिथलं फॉर्माएला चीज तव्यावर भाजलेलं खाल्लं, वर लिंबू पिळून, खाताना दातांखाली चक्क करकर वाजतं. ताईला इतकं आवडलं की दुसरी प्लेट मागवली. तिथून रस्ता वळणं घेत खाली उतरतो आणि पार्नासस डोंगर मागे पडतो. गाडी मी चालवत होते आणि ताई शेजारी बसून गायीला कुठली वाट सोपी गेली असती त्याचा विचार करत होती, नकाशा मांडीवर घेऊन. लिवादियाला झऱ्याकाठी सुवलाकी खाऊन पुढे निघालो. खेरोनियाचा सिंह बघायला वाकडी वाट केली. इ.स.पू. ३३८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने थीब्जची सेना जिथे संपवली ती ही जागा. पण हा शेवटाकडचा भाग झाला, आम्ही सुरुवात शोधायला निघालो होतो म्हणून फार रेंगाळलो नाही.

ओर्खोमेनोसला मात्र चांगला वेळ दिला. थीब्जची सुरुवात समजून घ्यायची तर त्याचा शेजारी आणि वैरी बघायलाच पाहिजे. दोन्ही शहरांच्या मध्ये कोपाइस नावाचं उथळ तळं पसरलेलं होतं, पावसाळ्यात फुगायचं आणि उन्हाळ्यात आटायचं, आज तिथे नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट शेतं आहेत, कापूस बराच, कारण १९व्या शतकाच्या शेवटी फ्रेंच आणि मग ब्रिटिश कंपनीने ते तळं कायमचं कोरडं केलं. पण हे काम त्यांच्या तीन हजार वर्षं आधी मायसीनी लोकांनी एकदा करून दाखवलं होतं! बांध घालून, कालवे खणून, पाणी डोंगरातल्या नैसर्गिक विवरांकडे वळवून त्यांनी जमीन मोकळी केली होती आणि तिच्या राखणीला ग्ला नावाचा प्रचंड किल्ला बांधला होता, त्याच्या तटाचा घेर जवळजवळ तीन किलोमीटर आहे. कांस्ययुगात, हातातल्या हत्यारांनी. ते बांध कुठून कुठे गेले असतील याचा अंदाज घेत मी किती वेळ त्या शेतांकडे बघत होते.

आता कथा काय म्हणते बघा. थीब्ज ओर्खोमेनोसला दरवर्षी शंभर बैल खंडणी द्यायचं. मग थीब्जमध्ये जन्मलेला हेराक्लिस मोठा झाला, त्याने ओर्खोमेनोसचा पराभव केला आणि पाण्याची वाट बुजवून त्यांची सगळी जमीन पाण्याखाली घातली. म्हणजे इथे कधीतरी कोणीतरी पाणी काढून दिलं होतं आणि ते परत भरलं, याची आठवण लोकांत राहिली होती. इंजिनियर विसरले गेले पण बुडालेली शेतं लक्षात राहिली, आणि त्याला एक वीर चिकटला. मला पौराणिक कथा वाचायची ही पद्धत पटते. कथा म्हणजे साक्षीदाराचा जबाब नाही, पण कथेला समोर दिसणारं काहीतरी लागतं, एखादं भगदाड, एखादा ढिगारा, एखादी जळकी भिंत.

ओर्खोमेनोसच्या थोलोस, म्हणजे घुमटाच्या गोल, कबरीचं छत कोसळलंय, पण बाजूच्या छोट्या खोलीचं दगडी छत बघायला मान वर करून उभं राहावं लागतं, हिरवट दगडात एकात एक गुंतलेल्या सर्पिल वेटोळ्यांची आणि फुलांची इतकी सफाईदार नक्षी आहे की पैठणीचा काठ आठवला. जर्मन पुरातत्त्वज्ञ हाइनरिख श्लिमानने इथे १८८० मध्ये खोदायला सुरुवात केली. समोरच ९व्या शतकातलं बायझंटाइन चर्च आहे, त्याच्या भिंतीत जुन्या देवळांच्या खांबांचे गोल तुकडे तसेच्या तसे रचलेत.

संध्याकाळी थिवाकडे येताना डावीकडे एक बोडका डोंगर लागतो. स्फिंक्स तिथे बसून वाटसरूंना कोडं घालायची म्हणतात. आणि मग गाव आलं. वीस-पंचवीस हजार वस्तीचं, चार-पाच मजली इमारतींचं, दुकानांवर मोबाइलच्या जाहिराती, थीब्जचा सेनापती एपामिनोंडास याच्या नावाच्या रस्त्यावर कॅफे आणि फ्रेडो, म्हणजे थंड कॉफी, पीत बसलेली कॉलेजची मुलं. पहिल्या नजरेत प्राचीन असं काहीच नाही. फक्त रस्त्यांची नावं वाचत चाला. पिंडार, अँटिगनी, ओयडिपस, पेलोपिडास, अँफिऑन, कॅडमस!

गुरुवार, म्युझियम आणि कॅडमसचं घर

कथेचा उरलेला भाग. गाय या टेकाडावर येऊन बसली. कॅडमसने ती देवाला अर्पण करायचं ठरवलं आणि माणसांना पाणी आणायला जवळच्या झऱ्यावर पाठवलं. झऱ्यावर एरिसचा, म्हणजे युद्धदेवाचा, नाग राखण करत होता, त्याने माणसं मारली. कॅडमसने नागाला मारलं. अथीनाने सांगितलं की याचे दात जमिनीत पेर. पेरले, तर नांगरलेल्या जमिनीतून शस्त्रं घेतलेली माणसं उगवली, कॅडमसने त्यांच्यात एक धोंडा फेकला आणि ती आपापसात लढून मेली. उरले फक्त पाच, त्या पाचांना घेऊन त्याने गड बांधला, कॅडमिया. थीब्जची जुनी घराणी स्वतःला या पाचांचे वंशज म्हणवायची, म्हणजे आम्ही कुठून आलेलो नाही, याच मातीतून उगवलोय. राजा परका, परदेशातून आलेला, आणि प्रजा मात्र अस्सल इथल्या जमिनीची. एकाच कथेत दोन्ही गोष्टी बसवलेल्या आहेत हे मला फार विलक्षण वाटतं.

म्युझियम २०१६ मध्ये नव्याने उघडलंय आणि मी छातीठोकपणे सांगते की ग्रीसमधल्या सगळ्यात चांगल्या म्युझियमपैकी हे एक आहे, गर्दी नाही, मांडणी सुरेख, आणि आवारात १३व्या शतकातला फ्रँक सरदारांचा एक चौकोनी दगडी बुरूज उभा आहे. आत शिरल्यावर मी सरळ निळ्या दगडांच्या कपाटाकडे गेले.

१९६३ मध्ये गावात एका प्लॉटवर बचाव उत्खनन चालू होतं. इथे घर बांधायचं तर आधी पुरातत्त्व खातं येऊन खोदतं, मगच पाया. त्या खोदकामात जळालेल्या राजवाड्याच्या एका खोलीत सोनं, अगेट, आणि त्यासोबत लॅपिस लाझुलीचे, म्हणजे गर्द निळ्या दगडाचे, कोरीव दंडगोल शिक्के सापडले. निकोलाओस प्लातोन आणि एवी तुलूपा यांनी ते बाहेर काढले. तीसपेक्षा जास्त निळे शिक्के एका जागी, आणि तेही ग्रीसच्या मध्यभागी! हा दगड मुळात अफगाणिस्तानच्या बदख्शानमधला. तिथून मेसोपोटेमियात गेला, कोरला गेला, आणि मग इथे आला.

जवळून बघितलं तर प्रत्येक शिक्का बोटाच्या पेराएवढा किंवा थोडा मोठा, मध्ये आरपार भोक, निळ्यात कुठे कुठे सोनेरी ठिपके चमकतात. ओल्या मातीवर फिरवला की चित्र उमटतं. एका शिक्क्यावर डोंगरातून कमरेपर्यंत वर आलेला देव आहे, दोन्ही हातांत पाण्याचे प्रवाह धरलेले, आणि बाजूला क्यूनिफॉर्म लिपीच्या उभ्या ओळी. काही शिक्के तर कोरले गेले तेव्हापासून हजार वर्षं फिरत होते, काही सायप्रसच्या शैलीत परत कोरलेले. एकावर चक्क मालकाचं नाव आहे, किदिन-मर्दुक, बॅबिलोनचा राजा बर्नाबुरियाश याचा अधिकारी. एडिथ पोराडा नावाच्या विदुषीने यांचा अभ्यास केला, तिने बॅबिलोनच्या कॅसाइट राजांच्या काळातल्या शिक्क्यांचं एकत्र वजन केलं तर ते जवळजवळ एक मिना भरलं, म्हणजे साधारण अर्धा किलो, त्या काळचं प्रमाण माप. त्यावरून तिने अंदाज मांडला की असीरियाचा राजा तुकुल्ती-निनुर्ता याने बॅबिलोन लुटलं तेव्हा तिथल्या मुख्य देवाच्या, मर्दुकच्या, देवळातला हा माल हाती लागला आणि त्यातून त्याने थीब्जच्या राजाला नजराणा पाठवला. हे खरं असेल तर असीरियाचा राजा थीब्जच्या राजाला ओळखून आहे आणि मोजून अर्धा किलो निळा दगड भेट पाठवतो, यावरून या गावाचा दबदबा काय असेल!

शिक्के सापडले तेव्हा साहजिकच गाजावाजा झाला की बघा, कॅडमस पूर्वेकडून आला होता हे खरं निघालं. ताईचंही तिथेच पक्कं मत झालं. ती म्हणाली, "अगं, एवढा माल पूर्वेचा, आणि कथाही पूर्वेची, अजून काय पाहिजे तुला?" मी तिला म्हणाले की बॅबिलोन म्हणजे फिनिशिया नाही, आणि हे शिक्के इथे आले ते राजवाड्याच्या अखेरच्या काळात, इ.स.पू. १३व्या शतकात, वसाहतीच्या सुरुवातीला नाही. या टेकाडावर तर त्याच्या हजार वर्षं आधीपासून, इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकापासून, लोक राहत होते, त्यांच्या मातीच्या विटांच्या भिंती म्युझियमच्या जागेतच खाली मिळाल्यात. कोणी एक राजपुत्र रिकाम्या माळावर आला आणि त्याने शहर काढलं असं जमीन सांगत नाही. ताई गप्प बसणारी नाही, ती म्हणाली "मग पूर्वेकडच्या माणसाचंच नाव का घेतलं त्यांनी? शेजारच्या गावचा कोणी राजा का नाही घेतला?" या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं.

अक्षरांचंही असंच. इ.स.पू. ५व्या शतकातला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की कॅडमससोबत आलेल्या फिनिशियन लोकांनी ग्रीकांना अक्षरं दिली, आणि थीब्जच्या इस्मेनियन अपोलोच्या देवळात तिवयांवर कोरलेली कॅडमसची जुनी अक्षरं आपण स्वतः पाहिली. ग्रीक वर्णमाला फिनिशियनांकडून आली हे आज सगळे मान्य करतात, पण ती आली साधारण इ.स.पू. ८व्या शतकाच्या सुमारास, राजवाडे जळून गेल्यानंतर चारेक शतकांनी. राजवाड्याची स्वतःची लिपी वेगळीच होती, लिनियर बी, मातीच्या पाट्यांवर ओरखडलेली, जिचं मूळ क्रीटमध्ये आहे आणि जी मायकल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडली. थीब्जमध्ये या लिपीचे नमुने भरपूर मिळालेत. क्रीटहून तेल भरून आलेल्या मोठ्या बरण्यांवर रंगाने लिहिलेली नावं, मातीच्या छोट्या गोळ्यांवरचे ठसे, आणि १९९३ ते १९९५ मध्ये पेलोपिडास रस्त्याखालून निघालेल्या पाट्यांचे दोनशेहून जास्त तुकडे. रोजच्या गाड्या जातात त्या रस्त्याखाली राजवाड्याचे हिशोब पडून होते!

त्यात काय आहे, तर बार्ली किती, वाईन किती, कोणाला किती दिली. एक शब्द आहे 'मा-का', तो ज्यांनी पाट्या प्रसिद्ध केल्या त्यांनी धरणीमाता म्हणून वाचला, म्हणजे डिमिटर देवीचंच रूप, आणि बाकीच्या अभ्यासकांनी त्यावर जोरदार हरकत घेतली, अजूनही एकमत नाही. मी कुठल्या बाजूची ते सांगत नाही कारण लिपी मला वाचता येत नाही, पण पावसानियसच्या काळी याच गडावर डिमिटरचं देऊळ होतं आणि लोक त्याला सांगायचे की इथेच पूर्वी कॅडमस आणि त्याच्या वंशजांचं घर होतं, एवढं मात्र खरं.

थीब्जजवळच्या टॅनाग्रा गावात निघालेल्या शवपेट्यांच्या दालनात आम्ही सगळ्यात जास्त वेळ होतो. भाजलेल्या मातीच्या, चार पायांच्या पेट्या, आंघोळीच्या टबाएवढ्या, काही अगदी छोट्या, लहान मुलांच्या. त्यांवर बायकांची रांग रंगवली आहे, दोन्ही हात डोक्यावर, तोंडाने आकांत. काही चेहऱ्यांवर गालांवर लाल रेघा आहेत, स्वतःला ओरबाडल्याच्या. इ.स.पू. १३व्या शतकातल्या या बायका. ताई एका लहान पेटीसमोर बराच वेळ उभी राहिली, मग पुढे गेली. मायसीनी काळातल्या राजांचं सोनं आपण फोटोत नेहमी बघतो, पण साध्या घरातल्या रडण्याचं असं चित्र मुख्य भूमीवर दुसरीकडे फारसं मिळत नाही, आणि यासाठी तरी थिवाला यावं असं मला मनापासून वाटतं.

दुपारनंतर चालत कॅडमसचं घर म्हणतात तिकडे गेलो. अंतोनिओस केरामोपुलोस यांनी १९०६ पासून इथे खोदकाम केलं आणि हे नाव त्यांचंच. भर वस्तीत पिंडार रस्त्याच्या कोपऱ्यावर, रस्त्याच्या पातळीच्या खाली, कठड्याच्या आत, राजवाड्याच्या भिंतींचे पाये, आणि चारी बाजूंनी बाल्कन्या, त्यात वाळत घातलेले कपडे. इथेच बायकांच्या मिरवणुकीचं भित्तिचित्र तुकड्या-तुकड्यांत सापडलं आणि त्या बरण्याही. आणि सगळ्यावर जळिताचा जाड थर. राजवाडा आगीत गेला.

आता या थराची कथेशी सांगड घालून बघा. कॅडमस आणि त्याची बायको हार्मोनिया यांची मुलगी सेमेले. झ्यूस तिच्याकडे यायचा. झ्यूसची बायको हेरा हिने मत्सराने तिला फसवून झ्यूसला त्याच्या खऱ्या रूपात यायला सांगायला लावलं, तो विजेच्या रूपात आला आणि सेमेले तिच्या खोलीसकट जळून गेली, पोटातला डायोनिसस, पुढे वाईनचा देव झालेला, तेवढा वाचला. पावसानियस कॅडमियावर आला तेव्हा त्याला सेमेलेच्या शयनगृहाचे अवशेष दाखवले गेले आणि तिथे पाऊल ठेवायला कोणालाच परवानगी नव्हती. म्हणजे राजवाडा जळून तेराशे-चौदाशे वर्षं झाली तरी गडाच्या मधोमध जळक्या भिंतींचा तुकडा मोकळा सोडलेला होता, त्यावर कोणी घर बांधत नव्हतं, आणि तो का जळला याचं उत्तर म्हणजे ही कथा. एक राजघराणं होतं, त्यांचं घर या जागी होतं, ते आकाशातून आलेल्या आगीने गेलं. पहिल्या दोन गोष्टी उत्खननात तशाच्या तशा निघाल्या. पावसानियसने पाहिलेली जागा आणि केरामोपुलोस यांनी खणलेली जागा हुबेहूब एकच असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण गड एवढासा आहे, दूर कुठे जाणार. निळ्या दगडांपेक्षा मला ही राख जास्त महत्त्वाची वाटते.

शुक्रवार, दरवाजे, इस्मेनिऑन, जुळ्यांची टेकडी

सकाळी दक्षिणेकडच्या इलेक्ट्रा दरवाजाला गेलो. दोन गोल बुरुजांचे पाये, इ.स.पू. ४थ्या शतकातले, शेजारून रहदारी. सात दरवाजांपैकी डोळ्यांनी बघता येतो तो मुख्यतः हाच. इ.स.पू. ३३५ मध्ये अलेक्झांडरने थीब्ज जमीनदोस्त केलं, फक्त देवळं आणि कवी पिंडारचं घर तेवढं ठेवायला लावलं असं सांगतात, वीस वर्षांनी कसांडरने शहर परत वसवलं. त्यामुळे सात दरवाजे खरंच होते की गोष्टीतला शुभ आकडा, यावर अजून वाद चालू आहेत.

जवळच इस्मेनिऑन टेकडी. हेरोडोटसने जिथे तिवया पाहिल्या ते अपोलोचं देऊळ इथलं, आता पायाचे मोजके दगड आणि पाइनची झाडं, आणि टेकडीच्या पोटात त्याहून जुन्या मायसीनी कबरी. खाली आगी थिओदोरी भागात ओयडिपसचा झरा आहे, बापाच्या खुनाचं रक्त त्याने इथे धुतलं म्हणतात.

मग उत्तरेला, म्युझियमच्या पलीकडे, अँफिऑनच्या टेकडीवर. आणि इथे कॅडमसची कथा अडचणीत येते. होमरच्या ओडिसीत अकराव्या भागात स्पष्ट म्हटलंय की सात दरवाजांचं थीब्ज प्रथम वसवलं आणि तटबंदी केली ती अँफिऑन आणि झेथस या जुळ्या भावांनी. कॅडमसचं नावच नाही तिथे! जुळ्यांना जन्मतःच किथेरॉन डोंगरावर टाकून दिलं होतं, गुराख्याने वाढवलं, मोठे होऊन त्यांनी आईला छळणाऱ्या डर्सीला बैलाला बांधून मारलं आणि राज्य घेतलं. झेथस अंगाने दांडगा, दगड उचलून आणायचा. अँफिऑन लायर नावाचं तंतुवाद्य वाजवायचा आणि दगड आपोआप उठून जागेवर बसायचे. नंतरच्या लेखकांनी दोन्ही कथा जुळवून घेतल्या, की गड कॅडमसचा आणि खालचं शहर व तट जुळ्यांचा.

टेकडीच्या माथ्यावर कच्च्या विटांचा ढिगारा आणि आत दगडी पेटीसारखी कबर. थेओडोरोस स्पिरोपुलोस यांनी १९७०च्या दशकात ती उघडली तेव्हा ती आधीच लुटलेली होती, तरी सोन्याचे थोडे दागिने मिळाले. काळ साधारण इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाचा धरतात, म्हणजे राजवाडा जळाला तेव्हाच ही कबर हजार वर्षांची जुनी झालेली होती. होमरच्या काळच्या थीब्जकरांना हा डोंगरमाथा माणसांनी रचलेला आहे एवढं कळत होतं पण कोणी रचला हे सांगणारं कोणी उरलेलं नव्हतं. गावात सगळ्यात जुनं काय तर हे, म्हणून गावाचे पहिले संस्थापक इथेच निजले असणार.

पावसानियसने या टेकडीबद्दल एक गोष्ट लिहून ठेवलीये ती मी ताईला तिथे बसून वाचून दाखवली. फोकिसमधल्या तिथोरियाचे लोक दरवर्षी सूर्य वृषभ राशीत असताना इथे येऊन या कबरीवरची माती चोरायचा प्रयत्न करायचे. ती नेऊन आपल्याकडच्या अँटिओपीच्या, म्हणजे जुळ्यांच्या आईच्या, कबरीवर टाकली की त्या वर्षी पीक तिथोरियात चांगलं येणार आणि थीब्जचं तेवढं कमी होणार. म्हणून थीब्जकर त्या दिवसांत कबरीवर पहारा ठेवायचे.

ताई म्हणाली, कॅडमस परत कुठे गेला मग यात? मी माझं म्हणणं सांगितलं, की दोन वेगळ्या कथा दोन वेगळ्या खुणांभोवती वाढल्या असणार, जुळ्यांची या ढिगाऱ्याभोवती आणि कॅडमसची त्या जळक्या राजवाड्याभोवती, आणि पूर्वेचा संबंध राजवाड्याच्या आठवणीतूनच आला असेल, कारण पूर्वेकडचा माल, कदाचित पूर्वेकडच्या राजांचे नजराणेही, त्या राजवाड्यात खरोखर येत होता. ताईला हे अर्धंच पटलं. तिचं म्हणणं, नजराण्यासोबत माणसंही येतात, शिक्के परत कोरणारा सायप्रसचा किंवा सीरियाचा एखादा कारागीर इथे येऊन राहिला असेल, त्याची पोरंबाळं इथेच झाली असतील, त्याला कोण नाकारणार? आणि ते मलाही नाकारता येत नाही. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात पोसायडनची काशाची मूर्ती निघाली होती, ती आम्ही दोघींनी लहानपणी टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये कितीदा पाहिलीय, तिच्यासोबत कोणी माणूस आला होता की नुसता व्यापाऱ्याचा माल हातोहात आला हे तिथेही मूर्ती बघून ठरत नाही.

कोणाला जायचं असेल तर थिवा अथेन्सपासून गाडीने सव्वा-दीड तासावर आहे, ट्रेनही आहे. म्युझियमला अर्धा दिवस कमीच पडतो. गडावरच्या जागा गावभर विखुरलेल्या आणि बहुतेक कठड्याबाहेरूनच बघायच्या आहेत, तेव्हा नकाशा सोबत ठेवा आणि चालतच फिरा, आणि जमलं तर डेल्फी आधी करून मग इकडे या, गाय ज्या दिशेने आली त्या दिशेने.